४८ लाखांचं इंटिरियर करावं का? बालेवाडीच्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

मेल वाचला आणि सोबत जोडलेलं कोटेशनही पानन् पान बघितलं. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. बालेवाडीत पावणेदोन कोटींचा थ्री बीएचके, ताबा मार्चमध्ये. १ कोटी १० लाखांचं होम लोन, साडेआठ टक्के, २० वर्षं, म्हणजे हप्ता ९५ हजारांच्या आसपास. ताई हिंजवडीत आयटीत, मिस्टर चाकणला ऑटो कंपनीत, दोघांचे मिळून हातात येतात ३ लाख १० हजार. मुलगी ९ वर्षांची. म्युच्युअल फंडात ६२ लाख, एफडी ९ लाख, पीएफ वेगळा. सध्याचं घरभाडं ३८ हजार. आणि डिझायनरचं कोटेशन ४८ लाख, त्यासाठी २० लाख होम लोनवर टॉप-अप (चालू होम लोनवरच मिळणारं वाढीव कर्ज), १५ लाख सासरे देतायत, १३ लाख फंडातून काढायचे असा बेत आहे. प्रश्न एवढाच की "घर आयुष्यात एकदाच होतं, मग करून टाकू का?"

करा, पण ४८ चं करू नका. माझ्या हिशोबाने साधारण २६ लाखांत, टॅक्स धरून, तुमचं घर बालेवाडीतल्या कुठल्याही शेजाऱ्याला दाखवण्यासारखं होतं. कसं ते सांगतो.

पहिली गोष्ट, तुमचं कोटेशन ४८ चं नाहीच आहे. शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात 'टॅक्स एक्स्ट्रा ॲज ॲप्लिकेबल' लिहिलंय ते बघितलंत का? इंटिरियरच्या कामावर जीएसटी १८ टक्के. ४८ वर ८ लाख ६४ हजार. म्हणजे आकडा होतो ५६ लाख ६४ हजार, आणि तुमच्या बेतात या साडेआठ लाखांची सोयच नाही, मग ते कुठून येणार? एफडीतून. घरखर्च, हप्ता, शाळेची फी धरून तुमचा महिना दोन लाखांच्या घरात जातो, त्यामुळे ही ९ लाखांची एफडी म्हणजे जेमतेम साडेचार महिन्यांची पुंजी. आयटी आणि ऑटो, दोन्हीकडचं वारं कसं आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. एफडीला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवून टाका.

दुसरं, डिझायनर म्हणतो की हाय-एंड इंटिरियरने फ्लॅटची व्हॅल्यू वाढते. रिसेलचा ग्राहक बालेवाडीत स्क्वेअर फुटाचा रेट विचारतो, पार्किंग विचारतो, पाणी विचारतो, आणि तुमच्या इटालियन सोफ्याकडे बघून 'छान आहे' म्हणतो आणि त्याचे पैसे देत नाही. त्याची बँकसुद्धा व्हॅल्युएशन करताना सोफा, झुंबर, डायनिंग टेबल मोजत नाही. त्यामुळे हा खर्च आहे, हौसेचा खर्च, आणि हौसेला मोल नसतं हे मलाही मान्य आहे, फक्त त्याला गुंतवणूक म्हणून स्वतःची समजूत काढू नका. (डिझायनरला बऱ्याच दुकानांतून कमिशन मिळतं हे पुण्यातलं उघड गुपित आहे, त्यात गैर काही नाही, पण 'जर्मनच घ्या' या सल्ल्याचं वजन करताना लक्षात ठेवा.)

आता कोटेशन. किचन १३, हॉलला इटालियन मार्बल ९, तीन बाथरूम साडेआठ, वॉर्डरोब साडेसात, इम्पोर्टेड फर्निचर साडेसहा, ऑटोमेशन साडेतीन. माझा नियम सोपा आहे: जे भिंतीच्या आत जातं आणि बदलायला फोडाफोडी लागते तिथे उत्तम माल घ्या, जे उचलून नेता येतं ते नंतर घ्या.

त्या हिशोबाने बाथरूममध्ये कंजूषपणा करू नका, पण पैसे योग्य ठिकाणी लावा. भिंतीतला डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा व्हॉल्व्ह), वॉल-हंग कमोडच्या मागचा लपलेला फ्लश टँक, हे ग्रोहे, हान्सग्रोहे, कोहलर, गेबेरिट अशा चांगल्या कंपनीचंच घ्या, कारण हे गळायला लागलं की दुरुस्तीचा खर्च नळाचा नसतो, टाइल्सचा असतो. बाहेर दिसणारं सीपी फिटिंग (नळ, शॉवर) मात्र मधल्या रेंजचं चालतं. फक्त आतली बॉडी आणि बाहेरची प्लेट एकाच कंपनीची, एकाच सिरीजची हवी, नाहीतर बसत नाही. आणि त्या मॉडेलचं कार्ट्रिज (नळाच्या आतला, पाणी सोडणारा-थांबवणारा भाग) पुण्यात मिळतं का ते दुकानात विचारा, उत्तर देताना सेल्समन घुटमळला तर मॉडेल बदला. कोटेशनमधलं मॅट ब्लॅक फिनिश मी काढून टाकलं असतं. बाणेर-बालेवाडीच्या कितीतरी सोसायट्यांत बोअर आणि टँकरचं पाणी असतं, त्या जड पाण्याचे पांढरे डाग काळ्या नळावर दोन दिवसांत दिसतात आणि घासून काढायला गेलं की फिनिश जातं. साधं क्रोम बरं. आधी सोसायटीच्या पाण्याची हार्डनेस लॅबमधून तपासून घ्या, ऑनलाइन मिळणारं टीडीएस मीटर त्यासाठी पुरत नाही कारण ते सगळे क्षार एकत्र मोजतं आणि त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती ते कळत नाही. पाणी जड निघालं तर सॉफ्टनरचे पैसे आधी, रेन शॉवर नंतर, कारण त्या शॉवरची बारीक भोकंच आधी बुजतात.

आणि बिल्डरने दिलेल्या बाथरूमच्या टाइल्स फोडून नवीन लावायचं कोटेशनमध्ये आहे, ते तर अजिबात नको. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षं बांधकामातल्या आणि कामाच्या दर्जातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरची असते आणि कळवल्यावर ३० दिवसांत त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचं असतं. पण तुम्हीच वॉटरप्रूफिंगवर हातोडा चालवलात आणि उद्या खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली, तर बिल्डर तुमच्याकडे बोट दाखवणार आणि खालचे शेजारी सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव घेणार. बाथरूम फोडाफोडीशिवाय पाच लाखांत होतं.

मार्बल. तुमचा जीव त्यात अडकलाय हे मेलवरून कळलं, तरी स्पष्ट सांगतो, नऊचे नऊ लाख वाचवा. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, आमसुलाचं सार, काहीही आंबट सांडलं की पॉलिश जाऊन तिथे फिका चट्टा उठतो. हळदीचा डाग मुरतो ते वेगळंच. मग दर काही वर्षांनी पॉलिशवाला बोलवा, घरभर पांढरा चिखल आणि सामान या खोलीतून त्या खोलीत. शिवाय आहे त्या टाइल्सवर मार्बल टाकलं तर स्लॅब आणि खालचा थर धरून हॉलची पातळी दीड-दोन इंच वर येते, म्हणजे मेन डोअर खालून तासा, बाल्कनीचा स्लायडर अडतो, बेडरूममध्ये जाताना ठेच लागते. नऊ वर्षांची मुलगी आणि येऊन-जाऊन राहणारे सासू-सासरे असलेल्या घरात मी हे करणार नाही. फारच मन होत असेल तर फोयरचा एक तुकडा किंवा देवघराची मागची भिंत मार्बलची करा, तिथे आमसूल सांडत नाही.

किचनचं सांगतो. १३ लाखांचं इम्पोर्टेड जर्मन किचन म्हणजे बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डचा सांगाडा, त्यावर सुंदर शटर आणि अप्रतिम हार्डवेअर. तिकडे ते उत्तम टिकतं. आपल्याकडे ओटा पाण्याने धुतात, सिंकखाली गळती महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही आणि बोर्ड एकदा फुगलं की परत बसत नाही. त्यातलं खरं सोनं म्हणजे ड्रॉवरचे चॅनेल आणि बिजागऱ्या, आणि ते हेटिच, ब्लूम, हाफेले सगळं पुण्यात सुटं मिळतं. सांगाडा आयएस ७१० शिक्क्याच्या बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) प्लायचा, हार्डवेअर जर्मन किंवा ऑस्ट्रियन, ओट्याला क्वार्ट्झऐवजी काळा ग्रॅनाइट, कारण क्वार्ट्झमध्ये रेझिन असतं आणि गॅसवरून उतरवलेली कढई थेट टेकवली की त्याला कायमचा डाग पडू शकतो. असं किचन साडेसहा लाखांत बसवा. शिक्का प्रत्येक शीटवर बघायचा, सुतार म्हणतो म्हणून विश्वास ठेवायचा नाही. वेळ असेल तर एक शनिवार भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला जाऊन प्लायचे भाव स्वतः विचारून या, कोटेशनमधला प्लायचा रेट आणि तिथला रेट यात किती अंतर आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल आणि पुढची घासाघीस सोपी जाईल.

वॉर्डरोब सातपर्यंत ठेवा, आतून व्हिनियर (खऱ्या लाकडाचा पातळ थर) कशाला, लॅमिनेट पुरे. ऑटोमेशनचं फक्त पाइप आणि वायरिंग करून घ्या, स्विचबोर्डात न्यूट्रल वायर ओढून ठेवायला सांगा, एक लाखात होईल, उपकरणं पुढे स्वस्तच होत जातात. फर्निचरला अडीच: बेड, डायनिंग टेबल आणि इथेच बनवलेला एक बरा सोफा. इम्पोर्टेड सोफा वर्षभर राहून बघितल्यावर घ्या, हॉलमध्ये ऊन कुठून येतं ते तरी कळू दे. साडेसहा, पाच, सात, अडीच, एक. झाले २२, जीएसटी धरून २५ लाख ९६ हजार.

आता पैसे आणायचे कुठून. सासऱ्यांचे १५ लाख घेऊ नका. सासऱ्यांनी सुनेला किंवा मुलाला दिलेल्या भेटीवर टॅक्स लागत नाही, त्यामुळे कायद्याने अडचण काहीच नाही, पण तुम्हीच लिहिलंय की ते पैसे पोस्टातल्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये ८.२ टक्क्यांनी आहेत. १५ लाखांवर दर तिमाहीला ३०,७५० रुपये त्यांच्या खात्यात येतात, ते बंद होणार. दोन वर्षं झाली असतील तर मुदतीआधी बंद करायला मुद्दलातून १ टक्का कापतात, एक झालं असेल पण दोन झाली नसतील तर दीड. आणि मग औषधं, गावची वर्गणी, नातीच्या वाढदिवसाचं पाकीट, यासाठी ते तुमच्याकडे मागणार नाहीत, मन मारून राहतील. त्यांना हातभार लावायचाच असेल तर देवघर त्यांच्याकडून करून घ्या.

२० लाखांचा टॉप-अप २० वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतला तर हप्ता १८ हजार आणि एकूण परतफेड ४३ लाखांच्या वर. सोफा आठ-दहा वर्षांत भंगारात आणि हप्ता मुलगी २९ ची होईपर्यंत. 'टॅक्स वाचतो' म्हणालात, तर तेही नाही. नव्या रेजीममध्ये स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावटच नाही आणि जुन्यात माणशी २ लाखांची मर्यादा तुमच्या मूळ लोनच्या पहिल्या वर्षाच्या नऊ लाखांहून जास्त व्याजातच संपते, दोघांची मिळून धरली तरी.

त्यापेक्षा असं करा. दोघांचा मिळून ६ लाख बोनस एप्रिलमध्ये येतो म्हणालात, तो पूर्ण इकडे. १४ लाख फंडातून, पण एका झटक्यात नाही: निम्मे ३१ मार्चच्या आत, निम्मे १ एप्रिलनंतर, आणि दोन्ही वेळा दोघांच्या वेगवेगळ्या फोलिओतून (फंडातल्या खात्यातून). इक्विटी फंडाच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर दर वर्षी माणशी सव्वा लाख माफ आहे, त्यापुढे १२.५ टक्के. समजा १४ मध्ये ६ लाख नफा आहे, तर एकाच नावावर एकाच वर्षात काढल्यावर सेससकट टॅक्स ६१,७५०, आणि असं चार तुकड्यांत नीट वाटून काढलं तर १३ हजार. नुसत्या तारखा सांभाळून साधारण ४९ हजार वाचले, किचनची चिमणी आली त्यात. वर्ष पूर्ण न झालेले युनिट्स मात्र काढू नका, त्यांना २० टक्के आहे.

उरलेले सहा लाख टॉप-अप घ्या, घ्याच. नव्या घरात गेल्यावर ३८ हजार भाडं सुटेल, त्यातले नऊएक हजार मेंटेनन्सला जातील, उरलेले २९ हजार दर महिन्याला त्या टॉप-अपमध्ये भरा, दोन वर्षांच्या आत संपतो. फ्लोटिंग रेटच्या वैयक्तिक गृहकर्जावर आधी फेडल्याचा दंड नसतो, तरी सँक्शन लेटरमध्ये रेट फ्लोटिंगच लिहिलाय ना ते बघून सही करा. एसआयपी बंद करायची नाही. फंडातून जे १४ काढतोय ते १० टक्क्यांनी धरले तर मुलगी १८ ची होईपर्यंत ३३ लाख झाले असते, तेवढी हौसेची किंमत मला पटते. ४८ च्या बेताची पटत नाही.

डिझायनरशी बोलताना दोन गोष्टी लेखी घ्या. पेमेंट कामाच्या टप्प्याप्रमाणे, सुरुवातीला ५० टक्के मागितले तर २० वर आणा, आणि शेवटचे १० टक्के ताबा देऊन महिनाभर सगळे नळ-ड्रॉवर वापरून झाल्यावर. प्रत्येक वस्तूचा ब्रँड आणि मॉडेल नंबर कोटेशनमध्ये हवा, 'इम्पोर्टेड ऑर इक्विव्हॅलंट' हे शब्द खोडून घ्या, सगळा खेळ त्या इक्विव्हॅलंटमध्येच होतो. बिलं पक्की घ्या. कुणी 'बिल नको, जीएसटी वाचेल' म्हणालं तर वॉरंटीही वाचते, त्याची.

आणि काम संपलं की घराचा विमा. भारत गृह रक्षा पॉलिसीत घरातलं सामान आपोआप धरलं जातं ते इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. तुमचं सामान त्याच्या वर जात असेल तर यादी देऊन वेगळं वाढवून घ्यावं लागतं. बिलांची फाइल तेव्हा लागेल.

डिझायनरने २२ लाखांचं नवीन कोटेशन दिलं की मला पाठवा, सही करण्याआधी. मार्चअखेर फंडाचे युनिट्स विकले तर त्याचे पैसे खात्यात यायला दोन-तीन कामाचे दिवस जातात आणि त्याच सुमारास सुट्ट्याही येतात, त्यामुळे फंडातले पहिले निम्मे पैसे २० मार्चच्या आसपासच काढून ठेवा.