तीन तज्ज्ञ असताना फॅमिली डॉक्टर कशाला?

प्रश्न: माझी आई 71 वर्षांची आहे. मधुमेह, बीपी आणि गुडघेदुखी, तिन्हींसाठी वेगवेगळे तज्ज्ञ आहेत. रोजच्या 11 गोळ्या होतात. गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांकडे जाणं कधीच सुटलं. आता फॅमिली डॉक्टरची खरंच गरज उरते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: उरते. आणि तुमच्या आईंसारख्यांना तर सगळ्यात जास्त.

मागच्या पावसाळ्यात एक आजी माझ्या दवाखान्यात आल्या, दोन वर्षांनी. मधल्या काळात मुलाने काळजीपोटी त्यांना शहरातल्या तज्ज्ञांकडे नेलं होतं. बीपीसाठी ॲम्लोडिपिन सुरू झालं. या गोळीने काहींच्या घोट्यांवर सूज येते, तशी त्यांना आली. ती दुसरीकडे दाखवली, तर सूज उतरायला लघवीची गोळी मिळाली. मग रात्री चारचारदा उठणं आलं. एका रात्री त्या मोरीत पडल्या, कंबर धरली, आणि तिसऱ्या ठिकाणी वेदनाशामक सुरू झालं. वेदनाशामकांनी बीपी वाढू शकतं, आणि बीपीच्या काही गोळ्या व लघवीची गोळी चालू असेल तर मूत्रपिंडांवरही ताण येतो. प्रत्येकाने समोरच्या तक्रारीपुरतं ठीकच औषध दिलं होतं, पण तिन्ही चिठ्ठ्या कुणी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या नव्हत्या.

मी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. आमचं बोलून बीपीची गोळी बदलली, बाकीच्या दोन्ही थांबवल्या. तीन आठवड्यांत पाय उतरले. आजींना मी 19 वर्षं ओळखते, त्यांचे पाय पूर्वी कधी सुजत नसत हे मला ठाऊक होतं. म्हणून पहिला संशय गोळीवर गेला.

अशा ओळखीचं मोल नॉर्वेत मोजलं गेलंय. तिथे 2001 पासून जवळजवळ प्रत्येकाच्या नावावर एक ठरलेला डॉक्टर असतो. सुमारे 45 लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच डॉक्टरकडे 15 वर्षांहून जास्त काळ असलेल्यांमध्ये, जेमतेम वर्षभराची ओळख असलेल्यांपेक्षा, मृत्यूचं प्रमाण सुमारे 25 टक्के आणि तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचं 28 टक्के कमी दिसलं. अवेळी डॉक्टर गाठण्याची वेळही कमी आली. नुसत्या नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही हे खरं. पण ओळख जितकी जुनी तितका फरक मोठा होत गेला, याला मी फार महत्त्व देते. रुग्णालयात दाखल होणं टळलं, की तेवढ्या खाटा आणि तेवढा पैसा खऱ्या गरजूंसाठी मोकळा राहतो.

आपल्याकडे असा डॉक्टर कुणी नेमून देत नाही, तो आपणच धरायचा. घराजवळचा बघा. नोंदी लिहून ठेवणारा, आणि ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही, अमक्यांना दाखवा’ असं मोकळेपणी सांगणारा. तज्ज्ञ सोडायचे नाहीत; प्रत्येक तज्ज्ञाची चिठ्ठी मात्र या एका माणसाकडे पोचली पाहिजे.

पहिल्या भेटीला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या. बंद केलेल्या, शेजारणीने दिलेल्या, काढे-चूर्णंसुद्धा. गुडघ्यांसाठी वेदनाशामक चालू असेल तर आधी त्याबद्दलच विचारा. तोवर कोणतीही गोळी आपल्या मनाने थांबवू नका.