मागचं चाक डुलतंय आणि अलाइनमेंट करूनही स्टिअरिंग तिरकंच राहतंय, तर काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीतच सेकंडहँड स्विफ्ट घेतली. मागून येणाऱ्या भावानं सांगितलं की मागचं डावं चाक डुलतंय. साठच्या पुढं सीटखाली थरथर जाणवते. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग दोनदा झालं, तरी सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहतं आणि तो टायर आतल्या बाजूनं खाल्ला जातोय. आता तिसऱ्यांदा अलाइनमेंट करू का?

नको. मी सांगलीत अलाइनमेंटच्याच मशीनवर काम करतो, आणि तरीही सांगतो की अजून पैसे घालू नका. तुमच्या गाडीत दोन वेगळे दोष दिसतायत आणि दोन्हींवर एकच औषध दिलं जातंय.

चाक डुलणं म्हणजे चाकाबरोबर फिरणारी कुठली तरी वस्तू वाकडी किंवा ढिली आहे. टायर, डिस्क (टायर बसतो ती धातूची रिम, ब्रेकची डिस्क नव्हे), ब्रेकचा ड्रम, बेअरिंग, नट, यांपैकी काहीतरी. टायर आतून खाणं आणि स्टिअरिंग तिरकं राहणं हे मात्र न फिरणाऱ्या भागांचं काम: स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा), मागचा बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा भाग), त्याचे रबरी बुश. स्पिंडल वाकला तर चाक कलतं, पण कललेल्या जागी स्थिर फिरतं, डुलत नाही. उलट डिस्क आऊट, म्हणजे वाकडी, असेल तर चाक डुलतं, पण अलाइनमेंटच्या आकड्यात ते दिसत नाही. कारण काम नीट करायचं तर मोजण्याआधी चाक फिरवून किंवा गाडी पुढं-मागं ढकलून डिस्कचा आऊटपणा हिशेबातून वजा करावा लागतो. ही पायरी गाळली तर मिळणारे आकडेच खोटे. बॅलन्सिंगचंही तसंच आहे. वाकड्या डिस्कला शिसं लावून वजन बरोबर करता येतं, चाक सरळ होत नाही.

म्हणून आधी डुलणं. गाडी सपाट जागी लावा, पुढच्या चाकांना पुढून-मागून विटा द्या, आणि गाडी जमिनीवर असतानाच डाव्या चाकाचे नट पान्यानं तपासा. एखादा नट सहज फिरला, किंवा नटाच्या भोकाभोवती ताज्या गंजाचे लाल ओघळ दिसले, तर चाक काढून भोकं बघा. भोकं लांबट झाली असतील तर ती डिस्क टाकून द्या. त्यावर गाडी चालवायची नाही.

नट ठीक असतील तर चाक उचला, खाली घोडा, म्हणजे लोखंडी स्टँड, लावा (नुसत्या जॅकवर कधीच नाही), हँडब्रेक सोडा. आता एक वीट ठेवून तिच्यावर स्क्रूड्रायव्हर असा टेकवा की त्याचं टोक डिस्कच्या कडेपासून एक-दोन मिलिमीटरवर येईल. चाक हातानं सावकाश फिरवा आणि टोक व कडेमधली फट बघत राहा. फट सगळीकडे सारखी राहिली तर डिस्क सरळ आहे. मग तेच टोक टायरच्या बाजूला आणा. डिस्क स्थिर आणि टायर आत-बाहेर होतोय, तर टायरच्या आतले पट्टे सुटलेत. वरून हात फिरवला तर एका जागी फुगवटा लागतो. असा टायर ताशी पंचवीस-तीसवरसुद्धा गाडी हलवतो आणि कधीही फुटू शकतो. तो स्टेपनीलाही ठेवू नका.

डिस्कच हलत असेल तर पुढची पायरी बहुतेक जण सोडून देतात, आणि खरं उत्तर तिथंच मिळतं. फट जिथं सगळ्यात कमी होते तिथं डिस्कवर खडूनं खूण करा आणि त्या जागेलगतच्या स्टडवरही (नट ज्यावर बसतो तो खिळा) खूण करा. नट काढा, चाक अर्धा फेरा फिरवून बसवा, म्हणजे चार स्टडच्या गाडीत दोन स्टड पुढं, आणि पुन्हा मोजा. वाकडी जागा डिस्कवरच्या खुणेबरोबर गेली तर डिस्क वाकडी. स्टडच्या खुणेपाशीच राहिली तर डिस्क निर्दोष आहे, दोष ड्रमचा.

चाक काढलंच आहे तर ड्रमचा तोंडाचा भाग आणि डिस्कचा आतला भाग तारेच्या ब्रशनं स्वच्छ करा. मिरजेकडची एक गाडी आमच्याकडे आली होती, मालकानं नवी डिस्क घालूनही चाक डुलत होतं. उसाच्या ट्रॉल्या जाऊन चिखल झालेल्या शेतरस्त्यावर चाक बदललं होतं, आणि दोन्ही पृष्ठभागांमध्ये काळ्या मातीची खपली वाळून दगडासारखी झाली होती. ती खरवडल्यावर चाक सरळ फिरलं. मधल्या भागात मिलिमीटरभर मळ असेल तर बाहेरच्या कडेला तो दुप्पट-तिप्पट होऊन दिसतो. साठच्या वेगाला तुमचं चाक सेकंदाला आठपेक्षा जास्त फेरे मारतं, म्हणजे तितके धक्के सीटखाली येणार.

बेअरिंगसाठी चाक वर-खाली धरून हलवा. ढिलाई जाणवली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर बेअरिंग. तरीही राहिली तर बीमचे बुश बघा. शिवाय मागच्या स्प्रिंगवर तळहात ठेवून दुसऱ्या हातानं चाक फिरवा, खराब बेअरिंगची खरखर हाताला कळते. रस्त्यावर उजवीकडे वळताना घुमणारा आवाज वाढत असेल तर संशय डाव्या बेअरिंगवर, कारण तेव्हा भार डावीकडे जातो. आणि गाडी सांगलीची आहे म्हणून हेही विचारतो: २०१९ किंवा २०२१ च्या पुरात ती पाण्यात उभी होती का? हबमध्ये, म्हणजे बेअरिंग बसतं त्या चाकाच्या मधल्या भागात, गाळाचं पाणी शिरलं की ग्रीस धुऊन जातं आणि बेअरिंग पुढं कित्येक महिन्यांनी बोलायला लागतं. विकणारा हे आपणहून सांगत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सीटच्या रुळांखाली वाळलेला गाळ शोधा.

आता दुसरा दोष. स्विफ्टसारख्या गाड्यांचा मागचा बीम एकसंध असतो, त्याचा टो (चाक आत-बाहेर किती वळलंय) आणि कॅम्बर (चाक उभ्यात किती कललंय) फिरवायला कंपनीनं बोल्टच दिलेला नसतो. म्हणजे दोनदा अलाइनमेंट झालं त्यात फक्त पुढची चाकं फिरवली गेली. मागचं एक चाक बाहेर किंवा आत वळलेलं असेल तर मागचा भाग गाडीला तिरकं ढकलतो आणि सरळ जायला तुम्हाला स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं. चारही चाकं मोजून, मागच्या दिशेच्या रेषेला पुढचा टो जुळवला तर स्टिअरिंग सरळ येईल. पण टायर खाणं थांबणार नाही. वाकलेला भाग तसाच आहे ना.

तेव्हा डुलणं मिटल्यावरच चार चाकांचं अलाइनमेंट करणाऱ्याकडे जा. आधी हवा मॅन्युअलप्रमाणे चारही चाकांत भरा आणि प्रिंटआउट मागून घ्या. मागच्या डाव्या-उजव्याचे कॅम्बर आणि टो शेजारी ठेवून बघा. दोन्ही बाजू मर्यादेत आणि जवळपास सारख्या असतील तर बीम ठीक. डावीकडचाच आकडा मर्यादेबाहेर असेल तर ते चाक कधीतरी डिव्हायडरला किंवा मोठ्या खड्ड्यात जोरात बसलंय. त्याच धक्क्यानं डिस्कही वाकली असण्याची शक्यता मोठी, म्हणूनच दोन्ही तक्रारी एकाच चाकावर आल्यात.

इलाज: बऱ्याच छोट्या गाड्यांत स्पिंडल बीमला बोल्टांनी बसतो. आधी तो बदलून पुन्हा मोजा. फरक थोडा असेल तर स्पिंडलमागं शिम, म्हणजे पातळ पत्री, घालून कॅम्बर-टो सुधारता येतो. बीमच वाकला असेल तर बीम बदला. गॅसनं तापवून, जॅक लावून बीम सरळ करून देतो म्हणणारे भेटतील. करू देऊ नका. तापवलेल्या लोखंडाची ताकद जाते, आणि त्या बीमवर तुमच्या घरची माणसं बसणार आहेत. वाकडी लोखंडी डिस्क किरकोळ असेल तर प्रेसवर सरळ होते. अलॉय असेल तर तडा गेलाय का ते बघून घ्या, शक्यतो नवीनच घाला.

चाक परत बसवताना नट आधी हातानं लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा, आणि शेवटचा ताण टॉर्क पान्यानं द्या. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर तो पुन्हा तपासा. बेअरिंग बदलताना ठोकून लॉक केलेला स्पिंडल नट निघाला तर तो नवाच घालायला सांगा.

बेअरिंग किंवा नट ढिला निघाला तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी पेठ नाक्याकडे, हायवेला अजिबात काढू नका. बाकी काही निघालं तर खडूच्या दोन्ही खुणांचा निकाल आणि प्रिंटआउटमधले मागचे चार आकडे इथंच लिहा, बघून सांगतो.