नोकरी सोडून फूड मार्केटिंगचे पदव्युत्तर शिक्षण घेतल्याने बढतीला उपयोग होतो का?

आपण अन्नतंत्रज्ञानात बी.टेक. केले आहे, दुग्धपदार्थांच्या कंपनीत विक्री विभागात आहात आणि पुढे शिकावे का, असे विचारता. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र शिकायचे तर सर्वसाधारण एम.बी.ए. नव्हे, अन्न आणि कृषी व्यवसायाचाच अभ्यासक्रम घ्यावा.

परभणीहून याच विषयाची पदवी घेऊन मीही दही-ताकाच्या विक्रीत होते. विक्री वर्गात बसून शिकता येत नाही, ती बाजारात चपला झिजवूनच येते, असे आमचे विभागीय व्यवस्थापक ठासून सांगत. एका उन्हाळ्यात मसाला ताकाचा परतीचा माल बेसुमार वाढला, तेव्हा त्यांनी भर बैठकीत सगळे खापर सेल्समनच्या माथी फोडले. वस्तुस्थिती अशी होती की, महिनाअखेरीस टार्गेट गाठण्यासाठी वितरकाच्या गळ्यात माल मारला जाई आणि आमच्या कागदांवर तीच विक्री म्हणून दिसे. दुकानातून गिऱ्हाइकाच्या हाती किती पाकिटे गेली, याची नोंद कोणीच ठेवत नसे. जेमतेम 15 दिवस टिकणाऱ्या ताकाचे निम्मे आयुष्य वितरकाच्या कोल्डरूममध्येच सरे आणि पाकिटावरची तारीख वाचून गिऱ्हाईक ते पुन्हा दुकानदाराच्या फ्रीजमध्ये ठेवी.

पुढे हैदराबादच्या मॅनेजमध्ये, म्हणजे राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेत, कृषी-व्यवसाय व्यवस्थापन शिकताना, एमआरपीपासून उलटे मोजत दुकानदार आणि वितरक यांचे मार्जिन, शीतसाखळीचा खर्च व परतीचा माल वजा करून हाती काय उरते, हे मांडण्याची शिस्त लागली. नंतरच्या कंपनीत मी वितरकाची ऑर्डर सेकंडरी विक्रीशी, म्हणजे वितरकाकडून दुकानदारांना प्रत्यक्ष गेलेल्या मालाशी बांधली, परतीचा माल उतरला आणि दही-ताकाची पूर्ण जबाबदारी माझ्याकडे आली. चपला तर ते सेल्समनही झिजवत होते. त्यांची बाजू आकड्यांत मांडणारे त्या बैठकीत कोणी नव्हते. म्हणून, अशा शिक्षणात वेळ वाया जातो असे आपले वरिष्ठ म्हणत असतील, तर गेल्या उन्हाळ्यातील परतीच्या मालाचा हिशेब त्यांच्याकडे जरूर मागावा.

संस्थांचे म्हणाल तर अहमदाबाद आणि लखनौ येथील आयआयएम, मॅनेज आणि पुण्याची वैकुंठ मेहता संस्था यांचे या विषयाचे अभ्यासक्रम पाहावेत. सहकारी दूध व्यवसायाची ओढ असेल, तर 1979 पासून चालू असलेली आणंदची इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्थाही आहे. घरबसल्या मिळणाऱ्या प्रमाणपत्रांच्या नादी लागू नये.

अर्थात, दोन वर्षांचा पगार बुडतो आणि शिक्षण संपल्यावर काही काळाने शैक्षणिक कर्जाचे हप्ते मागे लागतात, तेव्हा घरची जबाबदारी आपल्यावर असेल तर आधी तो हिशेब करावा. शिवाय मालकाच्या घरातलीच माणसे वरच्या पदांवर बसत असतील, तर पदवी घेऊन त्याच कंपनीत परतण्यात अर्थ नाही. नोकरी बदलण्याची तयारी ठेवूनच प्रवेश घ्यावा.