आधी दुखणं बघा, मग इच्छा

पाळी जाण्याच्या वयातले प्रश्न पाठवा म्हटल्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून आलेल्या पत्रांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिलेली दिसली: नवऱ्याबरोबरची जवळीक नकोशी झाली आहे, ती इच्छाच उरलेली नाही. त्यांतली काही पत्रं नावं वगळून घेतली आहेत.

वय ४८, वडगाव, बेळगाव. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. मालक जवळ आले की नको वाटतं. आत कोरडं पडतं, आग होते, दुसऱ्या दिवशी लघवीलाही जळजळतं. इच्छा वाढवायची गोळी असते म्हणे. ती मला चालेल का?

ताई, गोळीचं नंतर बघू. तुमच्या तक्रारीचं मूळ पत्राच्या मधल्या ओळींतच आहे. ज्या गोष्टीनं दर वेळी आग होते तिची ओढ कुणालाच वाटणार नाही. दुखणं गेलं की बऱ्याच जणींची इच्छा वेगळं औषध न घेताही परत येते.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्रीचं हार्मोन कमी होतं. योनीचं अस्तर पातळ होतं, ओलावा आटतो, तिथली आम्लता कमी होऊन जंतूंना वाव मिळतो. लघवीची जळजळ बहुधा त्यातूनच आहे, तरी एकदा लघवी तपासून घ्या. अंगातून येणाऱ्या वाफा काही वर्षांनी कमी होतात, पण हा कोरडेपणा तसाच सोडला तर वाढत जातो.

यावरचा साधा उपाय म्हणजे इस्ट्रिऑलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका सौम्य प्रकाराचं मलम, एका ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम औषध असलेलं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच आणा. पहिले दोन ते तीन आठवडे रोज रात्री अर्धा ग्रॅम, त्यानंतर आठवड्यातून दोनदा. सोमवार-गुरुवार असे वार ठरवले की विसरत नाही. आडवं पडून, गुडघे उभे करून, नळीसोबतच्या प्लास्टिकच्या पिचकारीनं आत सोडायचं. थोडं बोटावर घेऊन बाहेर दारापाशीही लावा, कारण आग बरेचदा तिथेच जास्त असते. पिचकारी साबण आणि कोमट पाण्यानं धुवा.

चूक होते ती पुढे. आठ दिवसांत फरक नाही म्हणून मलम सोडलं जातं. अस्तर पुन्हा जाड व्हायला वेळ लागतो, पूर्ण गुण यायला सहा ते बारा आठवडे. दुसऱ्या काही जणी बरं वाटलं की बंद करतात आणि काही महिन्यांत त्रास परत येतो. आठवड्यातले ते दोन वार चालूच ठेवायचे असतात. आणि संबंधाच्या आधी वंगण म्हणून हे मलम लावू नका, ते नवऱ्याच्या त्वचेला लागतं. त्या वेळेसाठी मेडिकलमधलं पाण्यात मिसळणारं जेल वेगळं ठेवा. खोबरेल तेलही चालतं, पण कंडोम वापरत असाल तर नाही, तेलानं रबर फाटतं. साबण किंवा जंतुनाशक द्रव घालून आतून धुणं आजपासून बंद करा, त्यानं कोरडेपणा वाढतो.

नळीसोबतच्या कागदावर कॅन्सर, रक्ताची गाठ असं वाचून अनेकजणी घाबरून ती ठेवून देतात. ते इशारे बहुतेक पोटातून घ्यायच्या मोठ्या मात्रांवरून आलेले आहेत. इतक्या कमी मात्रेतलं औषध रक्तात अगदी थोडं जातं. मात्र स्तनाचा कॅन्सर झाला असेल, विशेषतः लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल ही इस्ट्रोजेन घटवणारी गोळी चालू असेल, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. आणि पाळी गेल्यावर एकदा जरी रक्त दिसलं, तरी मलमाआधी तपासणी आणि सोनोग्राफी.

सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच आणि साखर बघून घ्या. अंगात रक्त कमी असलेली बाई रात्री फक्त थकलेली असते, आणि त्या थकव्यालाच घरात ‘मन नाही’ असं नाव पडतं.

तीन महिन्यांनी दुखणं गेलं, तरी आधी मनातून ओढ येत नाही असं वाटलं तर लगेच दोष मानू नका. कॅनडाच्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली हे नीट मांडलं: बऱ्याच स्त्रियांमध्ये इच्छा आधी येत नाही. निवांतपणा, स्पर्श, जवळ बसणं आधी होतं आणि इच्छा त्यातून जागी होते. दिवसभर काम करून, सासू शेजारच्या खोलीत जागी असताना, पाच मिनिटांत ती जागी व्हावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

वय ४४, खानापूर तालुका. तीन वर्षांपूर्वी अंगावरून जास्त जातं म्हणून पिशवी काढली, दोन्ही ओव्हरीसुद्धा. तेव्हापासून इच्छा पूर्ण गेली. कोरडेपणा फारसा नाही. मला स्वतःलाच याचं वाईट वाटतं. पुरुषांचं हार्मोन बायकांना देतात हे खरं का?

खरं आहे. ओव्हरी इस्ट्रोजेनबरोबर टेस्टोस्टेरॉनही, म्हणजे तुम्ही म्हणता ते पुरुषांचं हार्मोनही, बनवतात. दोन्ही काढल्या की त्याची पातळी साधारण निम्म्यावर येते, तीही एका दिवसात. तुम्ही कल्पना करून घेत नाही आहात.

पण पहिलं पाऊल इस्ट्रोजेनचं. पंचेचाळिशीच्या आत ओव्हरी गेल्या असतील तर हाडं आणि हृदय यांच्यासाठीही, काही मनाई नसल्यास, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत ते घ्यावं. तीन वर्षं कुणी याबद्दल बोललं नसेल तर स्वतः विचारा. पिशवी नसल्यानं सहसा सोबत प्रोजेस्टेरॉन, म्हणजे पिशवीच्या अस्तराला जपणारं दुसरं हार्मोन, लागत नाही. त्वचेवर लावायचं जेल मागा: पोटातून घेतलेल्या इस्ट्रोजेननं रक्तातलं एक प्रथिन वाढतं आणि ते उरलंसुरलं टेस्टोस्टेरॉनही बांधून ठेवतं.

तरीही इच्छा आली नाही तर टेस्टोस्टेरॉन. पाळी गेलेल्या स्त्रीला त्रास देणारी इच्छेची कमतरता, एवढ्या एकाच कारणासाठी ते द्यावं, असं २०१९ साली अनेक देशांच्या तज्ज्ञ संस्थांनी मिळून सांगितलं. थकवा जावा, ताकद यावी म्हणून नाही. मात्रा पुरुषाच्या साधारण दहावा भाग. पुरुषांसाठीच्या एक टक्का जेलच्या ५ ग्रॅमच्या पुडीत ५० मिलिग्रॅम औषध असतं. स्त्रीला दिवसाला ५ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम, एक पुडी दहा दिवस. अंदाजानं बोटावर घेतलं की मात्रा हमखास वाढते. सुई नसलेल्या १ मिलिलिटरच्या सिरिंजनं जवळपास अर्धा मिलिलिटर मोजा. पुडीचं तोंड घडी घालून चिमट्यानं बंद ठेवा, जेलमधला अल्कोहोल उडून जातो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला लावा, वाळू द्या, हात धुवा, लहान मुलांचा त्या जागेला स्पर्श होऊ देऊ नका.

सुरू करण्याआधी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मोजायचं, मग तीन ते सहा आठवड्यांनी, पुढे दर सहा महिन्यांनी. पातळी जास्त होत नाही ना एवढंच त्यातून बघायचं असतं. पातळी कमी निघाली म्हणून आजार ठरत नाही. पुरळ किंवा हनुवटीवर केस आले तर मात्रा कमी करून घ्या. आवाज जाड व्हायला लागला तर त्याच दिवशी बंद करा, कारण तो बदल परत फिरत नाही. सहा महिन्यांत गुण आला नाही तर थांबवायचं. याचं इंजेक्शन किंवा त्वचेखाली ठेवायची गोळी कुणी सुचवली तर घेऊ नका, त्यांत पातळी फार चढते आणि चढलेली लगेच खाली आणता येत नाही.

वय ४५, निपाणी. पाळी चालू आहे पण लांबते. दोन वर्षांपासून मनाची गोळी एस्सिटालोप्राम आणि रोज सकाळी गॅसची कॅप्सूल. इच्छा शून्य. अमेरिकेत औषध निघालंय म्हणतात.

आधी त्या गॅसच्या कॅप्सूलचं पाकीट उलटं करून वाचा. त्यात डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असेल तर दोन्ही प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढवतात. प्रोलॅक्टिन वाढलं की पाळी लांबते, कधी छातीतून दूध येतं आणि इच्छा जाते. तुमची पाळी वयानंही लांबत असेल, म्हणून तपासणी करा. आपल्याकडे ही कॅप्सूल वर्षानुवर्षं नुसत्या सवयीनं घेतली जाते. सकाळी, थोडा वेळ शांत बसून प्रोलॅक्टिन तपासायला रक्त द्या आणि डॉक्टरांना साधी आम्लपित्ताची गोळी मागा.

एस्सिटालोप्रामनंही इच्छा मंदावते. ती एकदम सोडू नका, चक्कर, बेचैनी, रडू येतं. मात्रा कमी करणं, गोळी बदलणं, किंवा सोबत ब्युप्रोपिऑन देणं, हे मार्ग मानसोपचारतज्ज्ञांकडे आहेत. फिट येत असेल तर ब्युप्रोपिऑन चालत नाही.

तुम्ही विचारता ती औषधं दोन. फ्लिबानसेरिनला तिथे २०१५ साली मान्यता मिळाली: १०० मिलिग्रॅम, रोज झोपताना, आठ आठवड्यांत गुण नसेल तर बंद. दारूबरोबर किंवा बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलबरोबर घेतल्यास रक्तदाब इतका पडतो की बेशुद्धी येऊ शकते. ब्रेमेलानोटाइड २०१९ चं: १.७५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन, संबंधाच्या किमान पाऊण तास आधी, पोटावर किंवा मांडीवर. दर दहात सुमारे चौघींना मळमळ होते, आणि रक्तदाब आटोक्यात नसेल तर ते घ्यायचंच नाही. दोन्हींचा फायदा मोजून थोडाच आहे. तुमच्या बाबतीत कॅप्सूल बदलणं जास्त उपयोगी ठरण्याची शक्यता आहे.

चिकोडी. बायकोला सांगितलं तर ती चिडेल. दुधातून देण्यासारखं एखादं चूर्ण आहे का?

नाही. तिला न सांगता असं काही देणं चुकीचं आहे, तो गुन्हाही ठरू शकतो. अशा चूर्णांत काय मिसळलेलं असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. पुरुषांची निळी गोळीही स्त्रीची इच्छा वाढवत नाही. तिला दुखतं का, एवढं एकदा विचारा आणि ती जे सांगेल ते ऐकून घ्या.

वय ५१, बेळगाव. डॉक्टर कन्नड बोलणाऱ्या. हे मी सांगू कसं?

जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, स्त्रीरोग विभागात मराठी समजणारी नर्स बहुधा भेटते. बाई डॉक्टर मिळतील का आणि नातेवाइकांना बाहेर थांबवाल का, हे दोन्ही मागता येतं. शरीराचं लाजेनं सांगता येत नसेल तर चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, अर्धी माहिती त्यातच असते. मनावर ओझं असेल तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. आणि एवढं कन्नड पाठ करून जा: ‘मुट्टु निंतिदे’, पाळी थांबली आहे. ‘उरि आगुत्तदे’, आग होते. ‘आसे इल्ल’, इच्छा होत नाही. या तीन वाक्यांनंतर पुढचे प्रश्न डॉक्टर स्वतःच विचारतात.