कॅमेऱ्याच्या फ्लॅशचे सेल रात्रभर चार्जिंगला लावले तर चालतात का?

भावा, राजारामपुरीतल्या स्टुडिओत निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे पुन्हा चार्ज होणारे सेल रात्रभर लावतोस आणि ते वर्षात बसतात म्हणतोस. त्यांना मारते ती उष्णता. २००० एमएएच क्षमतेचा रिकामा सेल २०० मिलिअँपिअर करंटवर साधारण १४ ते १६ तासांत भरतो. अर्धवट रिकामा असेल तर त्याआधीच भरतो. भरल्यावर पुढं साध्या चार्जरवर राहिला की नुसता तापतो. सेल भरला की आपोआप थांबणारा, प्रत्येक सेल वेगळा तपासणारा चार्जर घे. पैसे जातील, पण वसूल होतील. शेवटी सेल कोमट लागला तर ठीक, हाताला चटका बसला तर काढ. मे महिन्यात पत्र्याखाली चार्जिंग नकोच. चारचा संच एकत्रच वापर. जुन्या-नव्याची मिसळ केलीस तर कमजोर सेल आधी जातो. साधे अल्कलाइन सेल चार्जरात चुकूनही घालू नकोस, गळतात, फुटतातही.