थॉमस टेलफर्ड हा स्कॉटिश अभियंता कोणत्या महाविद्यालयात शिकला, आणि पूल बांधणारा हा माणूस चर्चच्या कामात कसा आला?

कोणत्याही नाही. हा मेंढपाळाचा मुलगा १७५७ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मला, काही महिन्यांतच त्याचे वडील वारले आणि चौदाव्या वर्षी तो पाथरवटाच्या हाताखाली लागला. लँगहोमच्या पुलासाठी त्याने दगड घडवले, पुढे लंडनला सॉमरसेट हाउस या मोठ्या सरकारी इमारतीवर काम केले आणि १७८७ मध्ये श्रॉपशर परगण्याच्या बांधकामांची जबाबदारी त्याच्याकडे आली.

१७८८ मध्ये त्याच परगण्यातील श्रूजबरी गावच्या सेंट चॅड चर्चचे छप्पर गळते म्हणून त्याला बोलावले, तेव्हा त्याने आधी भिंतींच्या भेगा पाहिल्या आणि भिंती सावरल्याशिवाय छपराचे नाव काढू नका, असे सांगितले. कारभाऱ्यांनी ते मानले नाही. थोड्याच दिवसांत मनोरा कोसळला.

माझे वडील गवंडी होते. गावच्या देवळात सभामंडपाच्या कोपऱ्यातील खांबाला लागून गटाराचा चर खणला, तेव्हा खांबावरच्या भिंतीला केसाएवढी भेग पडली. वडिलांनी त्या भेगेवर सिमेंटची आडवी पट्टी मारून ओल्या सिमेंटवर खिळ्याने तारीख कोरली. नवव्या दिवशी ती पट्टी बरोबर मधोमध फुटली. भिंत अजून सरकते आहे, टेकू द्या, असे त्यांनी समितीला सांगितले, तर त्यांना त्यांचे शिक्षण विचारण्यात आले. पदवीधर अभियंत्याच्या सल्ल्याने वरून गिलावा झाला आणि त्याच श्रावणात तो कोपरा रात्रीतून खाली बसला. सुदैवाने आत कोणी नव्हते.

टेलफर्डने पुढे ब्रिजनॉर्थ आणि मेडली येथे चर्च उभारली. १७९५ च्या पुरात श्रॉपशरमधल्याच बिल्डवसचा जुना पूल गेल्यावर तेथे १३० फूट गाळ्याचा लोखंडी पूल बांधला. पाथरवटाला देऊळ आणि पूल हे निराळे धंदे वाटत नाहीत.

मुलाला स्थापत्य शाखेत घालणार असाल, तर आधी वर्षभर त्याच्या हाती ओळंबा द्या. पदवी नको, असे माझे म्हणणे नाही. चुना नीट समजावा म्हणून टेलफर्डही रसायनशास्त्र वाचत असे. परंतु माझा अभियंता चुलतभाऊ आजही त्या कोपऱ्याचे पडणे हा योगायोग मानतो. ती फुटलेली पट्टी मी वडिलांच्या शेजारी उभा राहून पाहिली आहे. त्याने ती पाहिलेली नाही.