|२क्ष − ३| = क्ष − ६ ला उकल का नाही?

कराडहून अकरावीच्या मुलीचा प्रश्न आहे: |२क्ष − ३| = क्ष − ६ सोडवल्यावर क्ष = ३ आणि क्ष = −३ आले, पण उत्तरसूचीत ‘उकल नाही’ असं दिलंय. छपाईची चूक आहे का?

नाही. तुझी आकडेमोड बरोबर आहे, फक्त एक अट राहिली. केवल मूल्य, म्हणजे उभ्या रेघांमधल्या संख्येचं शून्यापासूनचं अंतर, कधीच ऋण नसतं. म्हणून उजव्या बाजूला चल दिसला की सगळ्यात आधी लिहायचं: क्ष − ६ ≥ ०, म्हणजे क्ष ≥ ६. मगच दोन शक्यता सोडवायच्या. २क्ष − ३ = क्ष − ६ मधून −३ मिळतं, २क्ष − ३ = −(क्ष − ६) मधून ३. दोन्ही ६ पेक्षा लहान, म्हणून दोन्ही बाद. ३ ठेवून बघ: डावीकडे ३, उजवीकडे −३. वर्ग करून सोडवलंस तरी ३क्ष² = २७ येतं आणि त्याच दोन किमती पुन्हा निघतात, कारण वर्ग केला की चिन्हाचा फरक पुसला जातो.

दुसऱ्या शक्यतेत कंस लिहायला विसरू नकोस. −क्ष − ६ लिहिलं की क्ष = −१ असं भलतंच उत्तर येतं.

आता आलेख काढ, कारण खरं कारण तिथे डोळ्यांना दिसतं. डाव्या बाजूच्या आलेखाचं टोक (१.५, ०) वर आहे. इथे हमखास गडबड होते: तक्त्यात फक्त पूर्णांक घेतले तर क्ष = १ आणि क्ष = २ दोन्हींना य = १ येतं आणि ते बिंदू जोडले की तळ सपाट होतो. म्हणून आतलं पद शून्य करणारी किंमत तक्त्यात आधी घ्यायची. मग य = क्ष − ६ ही रेषा काढ. ६ च्या डावीकडे ती क्ष-अक्षाच्या खाली आहे. ६ वर पहिला आलेख ९ उंचीवर असतो आणि पुढे त्याचा चढ २, रेषेचा फक्त १. गाठ पडणारच नाही. उजवीकडे क्ष + ६ असतं, तर (−१, ५) आणि (९, १५) इथे छेद मिळाले असते.

दोन केवल मूल्यं एकत्र आली तर? हिशेबापुरतं सातारा ०, कराड ५० किमी आणि तू उभी आहेस ती जागा क्ष धर. |क्ष| + |क्ष − ५०| म्हणजे दोन्ही गावांपासूनच्या अंतरांची बेरीज. उंब्रजला उभी राहा किंवा मधल्या कुठल्याही फाट्यावर, बेरीज ५० च. बेरीज ६० हवी तर क्ष = −५ किंवा ५५; ४० कधीच मिळणार नाही. बीजगणितात ० आणि ५० वर तोडून तीन भाग करायचे आणि आलेली किंमत त्याच भागात बसते का, ते तपासायचं. इथे आलेखाचा तळ खरोखरच सपाट आहे, ५० उंचीवर. म्हणून बेरीज = ५० असेल तेव्हा मधल्या भागात ५० = ५० येतं आणि चल उडून जातो. तिथे गोंधळून फक्त ० आणि ५० लिहू नकोस, उत्तर ० ≤ क्ष ≤ ५० असं अख्खं लिही.